तुम्ही विचारलंत म्हणून: मी बाळंतपणावर का घसरते

विषय ‘माणसाच्या बुद्धीची उत्क्रांती’ आणि मॅडम बोलतात बाळंतपणावर. ही तक्रार आता मला पाठ झाली आहे. विज्ञान दिनाचं व्याख्यान संपलं की आभारप्रदर्शनाआधी कोणीतरी माईक मागतोच: “ते सगळं ठीक, पण माणूस एवढा हुशार झाला कसा आणि जगावर राज्य करायला लागला कसा, ते राहिलंच की!” आयोजक गाडीपर्यंत सोडायला येतात आणि हळूच सुचवतात, पुढच्या वेळी शिकार, अग्नी, हत्यारं असं काही घ्या, मुलांना आवडतं. घरच्या कार्यात पंगतीला बसल्यावरही हेच. तर आता एकदा लिहूनच टाकते.

राहिलं काहीच नव्हतं. तासभर तेच सांगत होते.

शिकारीची गोष्ट मलाही येते. एक पुरुष भाला करतो, भाल्यामुळे मेंदू वाढतो, मेंदूमुळे मोठी शिकार मिळते आणि पुढच्याच चित्रात गगनचुंबी इमारती. मधली वीसेक लाख वर्षं कुठे गेली, हे कोणी विचारत नाही. इथिओपियात जिचा सांगाडा सापडला ती मानवपूर्व मादी, लूसी, 32 लाख वर्षांपूर्वी दोन पायांवर चालत होती, पण तिचा मेंदू 500 घनसेंटिमीटरच्या आतच होता. आपला सरासरी 1350 च्या आसपास. म्हणजे चालणं आधी आलं, डोकं कितीतरी मागाहून. बरं, मोठ्या डोक्याने राज्य मिळतं म्हणावं, तर आपला भाऊबंद असलेल्या निअँडरथल माणसाचा मेंदू आपल्याएवढाच, कधी कधी थोडा मोठाच होता, आणि तो सुमारे 40 हजार वर्षांपूर्वी संपला. मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूदचे अवशेष धरले, तर आपली जात 3 लाख वर्षांची. शेती फार तर 12 हजार वर्षांची. उरलेला सगळा काळ हा एवढा थोरला मेंदू बाळगून आपण एक तुरळक, विखुरलेला प्राणी होतो. कसलं राज्य नि कसलं काय.

पण मेंदूचा खर्च मात्र पहिल्या दिवसापासून चालू होता. शरीराच्या वजनात 2 टक्के आणि बसल्याजागी ऊर्जा खातो 20 टक्के. पाचेक वर्षांच्या मुलात तर शरीराच्या एकूण ऊर्जेतला 40 टक्क्यांहून जास्त वाटा हा एकटा मेंदू ओढतो. ही उधारी कोणी फेडली? मला विचाराल तर मुख्य प्रश्न हाच आहे, आणि तो भाल्याने सुटत नाही.

एका निवृत्त गृहस्थांनी भर सभेत सुनावलं होतं, “बाई, वैयक्तिक अनुभव हा पुरावा नव्हे.” मान्य. मी तो पुरावा म्हणून सांगतही नाही. व्याख्यानात तर तो अर्धाच सांगते. इथे पुरता सांगते.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, तालुक्याच्या गावी गेले होते. कळा संध्याकाळी सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढली तरी मी तिथेच. तेव्हा मी हाच विषय शिकवत होते. कमरेच्या हाडांतली वाट वरच्या तोंडाशी आडवी रुंद आणि खालच्या तोंडाशी पुढून मागे रुंद असते, म्हणून आधी डोक्याला वळावं लागतं आणि मग खांद्यांना, हे मी फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी काढून दाखवत असे. माकडीण बहुतेकदा उकिडवी बसून पिल्लू स्वतःच ओढून घेते, कारण त्याचं तोंड तिच्याकडे असतं. आपलं मूल बहुधा आईकडे पाठ करून येतं. तिने ओढायचं म्हटलं तर त्याची मान उलटी मुरगळायची. म्हणून माणसाच्या बाईला बाळंत होताना दुसरं कोणीतरी लागतं. एवढं सगळं मला ठाऊक होतं. त्या टेबलावर त्यातलं काहीही माझ्या कामाला आलं नाही.

कामाला आल्या त्या तिथल्या आयाबाई. सगळे त्यांना मावशीच म्हणत. डोकं अडलंय हे त्यांनी डॉक्टर यायच्या आधी ओळखलं. “कुशीवर हो,” म्हणाल्या, आणि माझा वरचा गुडघा उचलून छातीपाशी आणून तसाच धरून ठेवला. किती वेळ धरला असेल कोण जाणे, पण त्यांचा हात थरथरत होता तो मला जाणवत होता. मी ओरडत होते, त्यांना नाही नाही ते बोलले. त्या म्हणाल्या, “बोल, पण जोर खाली लाव.” मग डॉक्टर आले, व्हॅक्यूम लावलं, मूल बाहेर आलं आणि रडलं नाही. त्याची पाठ चोळणारा हात मला दिसत होता, मूल दिसत नव्हतं. मग रडली. मुलगी होती. डोकं लांबट, वांग्यासारखं. कवटीची हाडं एकमेकांवर चढलेली, बोटाला कंगोरा लागत होता. वेळ आली तेव्हा ती हाडं सरकली, म्हणून आम्ही दोघी सुटलो.

आता व्याख्यानात न सांगितलेलं. पुढे कितीतरी दिवस मला तिच्याकडे बघावंसंच वाटत नव्हतं. दूध पाजायचे आणि तोंड फिरवायचे. आईने काही विचारलं नाही. मुलीला अंघोळ घालायची, टाळू भरायची, तेलाखाली ती टाळू उडताना दिसायची. त्या टाळूखालचा मेंदू आकाराने मोठ्या, वाढलेल्या चिंपांझीच्या मेंदूच्या जवळपास होता आणि वर्षभरात दुप्पट व्हायचा होता. तो वाढला माझ्या दुधावर हे खरं, पण मला जेवायला घालत होती आई, आणि रात्री मूल खांद्यावर टाकून अंगणात फिरत होती तीच. मी एकटी असते तर मुलगी जगली नसती. हे मी वाक्याला वजन यावं म्हणून लिहीत नाही.

म्हणून हा विषय मी सोडत नाही, हा आरोप खरा आहे. पण अनुभव आला म्हणून सिद्धांत पटला, असं झालेलं नाही. उलट झालंय. फळ्यासमोरची ती जुनी मी ठासून सांगायची: दोन पायांवर चालण्यासाठी कंबर अरुंद झाली, डोकं मोठं झालं, म्हणून मूल कच्चंच जन्माला घालावं लागतं. 1960 साली मानवशास्त्रज्ञ शेरवूड वॉशबर्न यांनी मांडलेली ही कल्पना. 2012 मध्ये हॉली डन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी तिला आव्हान दिलं. आपल्या आकाराच्या वानराच्या (म्हणजे चिंपांझी, गोरिलासारख्या बिनशेपटीच्या) मानाने माणसाचा गर्भकाळ मुळीच तोकडा नाही, आणि बाळंतपणाची घटका कमरेच्या हाडांपेक्षा आईच्या शरीराला झेपणाऱ्या ऊर्जेने ठरते, असं त्यांचं म्हणणं. वाचताना पटतं. त्या टेबलावर कोणी वाचून दाखवलं असतं तर मी कागद भिरकावला असता. जुनी मी आणि आत्ताची मी यांच्यात ते भांडण अजून चालू आहे.

राज्याचं म्हणाल, तर माझं म्हणणं साधं आहे. चिंपांझीण पिल्लू जवळजवळ एकटीने वाढवते, म्हणून तिच्या दोन पिल्लांत 5 ते 6 वर्षांचं अंतर पडतं. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या माणसांत ते 3 ते 4 वर्षांचं. आपलं मूल जास्त परावलंबी, तरी आपल्याला मुलं जास्त. टांझानियातल्या हादझा लोकांत मानवशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की म्हाताऱ्या बायका कष्टाने कंद खणतात आणि नातवंडांना खाऊ घालतात. पाळी गेल्यावरही बाई इतकी वर्षं का जगते, याचं एक उत्तर त्यात मिळतं. उधारी अशी फिटली आणि संख्या अशी वाढली.

एका कॉलेजात एका मुलीने मला इथेच अडवलं. दक्षिण अमेरिकेतल्या मार्मोसेट माकडांत बाप आणि भावंडं पिल्लं पाठीवर वागवतात, मग ती का नाही हुशार झाली? पावशेर-दीडपावाचं माकड, मेंदू एवढासा. मी म्हटलं, वानराचा मेंदू मुळात मोठा होता, त्यात मदतीचे हात आले. ती खाली बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं, आणि माझंही झालेलं नाही.

दुसरी अडचण हाडांची. 2004 मध्ये दातांच्या झिजेवरून वयं काढून असं मांडलं गेलं की म्हाताऱ्यांचं प्रमाण ठळकपणे वाढतं ते युरोपातल्या अगदी अलीकडच्या, 30 हजार वर्षांच्या आसपासच्या माणसांत. मेंदू तर त्याच्या कितीतरी आधी वाढून बसला होता. मग आज्या आल्या कुठून? यावर मी जॉर्जिया देशातल्या द्मानिसीची कवटी पुढे करते. सुमारे 18 लाख वर्षांपूर्वीची, मेंदू 625 घनसेंटिमीटरच्या आसपास. एक सोडून सगळे दात मरणाआधीच पडलेले आणि दातांच्या खोबणी हाडाने भरून आलेल्या, म्हणजे हे माणूस बिनदातांचं बराच काळ जगलं. कोणीतरी त्याला मऊ करून भरवलं असेल. यावरही आक्षेप आहे की दात गेलेले चिंपांझीही जगतात, त्यांना कोणी भरवत नाही. शिवाय ती कवटी बहुधा पुरुषाची आहे, त्यामुळे माझ्या आजीला तिचा तसा काही उपयोग नाही.