मारवा ऐकायला भाट्येला

कोल्हापुरात गाणं ऐकायला मिळत नाही असं कुणी म्हणालं तर मी भांडायला उठेन. जयपूर घराण्याचे गवई अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, केसरबाई-मोगूबाईंसारख्या मोठ्या गायिका त्यांच्याकडं शिकल्या, गाण्याची जुनी संस्था देवल क्लब आहे, आणि आमच्या पिढीचं तर निम्मं ऐकणं-बघणं केशवराव भोसले नाट्यगृहात झालं. १९१५ सालचं ते थिएटर ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी गायकनट केशवरावांची जयंती होती, ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की गाव गाण्याचं असूनसुद्धा किती वर्षांत मी एखादा राग सलग ऐकला नव्हता. मोबाईल ओट्यावर, भाकरी तव्यावर, संथ विलंबित संपून जलद द्रुत सुरू होतंय तेवढ्यात कुकर, नाहीतर दूधवाला, नाहीतर सासूबाईंची गोळी. कार्यक्रमाला गेलं तरी शेजारी घरातलं कुणीतरी असतंच, मग अर्धा कान गाण्याकडं आणि अर्धा 'निघायचं का आता' ह्याच्याकडं. मला दोन्ही कानांनी ऐकायचं होतं.

जानेवारीत भाचीनं व्हॉट्सअॅपवर पोस्टर पाठवलं, रत्नागिरीजवळ भाट्येच्या बीचवर दुपारपासून संगीत महोत्सव, आणि त्यात सूर्यास्ताच्या वेळेला शास्त्रीय गायन. मी त्याच रात्री घरात सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "एकटीच जातीयास? समुद्रावर?" हे म्हणाले, मी येतो की, सुट्टी टाकतो. मी म्हटलं, अहो नको, तुम्ही आलात की तुम्हाला कंटाळा आला का हेच मी बघत बसणार. ते रागावले नाहीत, सकाळी अंधारात स्टँडवर सोडायला आले आणि पाण्याची बाटली विसरलीस म्हणून पळत जाऊन घेऊन आले.

एसटीला आम्हा बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ह्या सवलतीनं किती बायका नुसत्या स्वतःसाठी म्हणून घराबाहेर पडल्या असतील हे कुणीतरी नीट लिहायला पाहिजे. शिवाजी पूल ओलांडला, पंचगंगेवर धुकं होतं, वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, सगळीकडं उसाचे ट्रॅक्टर, हंगाम जोरात त्यामुळं गाडी रांगत चालली होती. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, रत्नागिरीत पाहुणे हायत काय?" म्हटलं नाही, गाणं ऐकायला चाललेय. "आन् आजच परत?" म्हटलं हो, आजच परत. मग तो बराच वेळ आपल्या आजोबांच्या भजनी मंडळाबद्दल सांगत राहिला, मला फार आवडलं ते.

आंबा घाट उतरला की हवाच बदलते. स्वेटर काढला, साखरप्याच्या पुढं खिडकीतून आंब्याच्या मोहोराचा वास यायला लागला. पाली, हातखंबा, रत्नागिरी. आधी खानावळीत सुरमईचं ताट आणि सोलकढी, मग रिक्षा. भाट्येचा पूल लागतो तिथं खाली काजळी नदीची खाडी समुद्राला मिळते, पलीकडं लांबच लांब किनारा आणि त्याला लागून सुरूचं बन. उत्तरेला रत्नदुर्गाचा डोंगर दिसतो. स्टेज वाळूवर, समुद्राकडं पाठ करून, म्हणजे आपण बसलो की समोर गाणारा आणि त्याच्या मागं पाणी.

दुपारी पोरांचे बँड होते, गिटार, ड्रम्स, मराठी कविता चाली लावून. मला वाटलेलं हे काही आपलं नाही, पण त्यातल्या एका मुलीचा आवाज इतका सच्चा होता की मी उठून पुढं जाऊन बसले. मग जाखडी, कोकणातला गाण्या-नाचाचा खेळ, आली, घुंगरू, झांजा, मृदंग, गोल फिरत नाचणारे गडी आणि सवाल-जवाब. इकडं ह्याला शक्ती-तुरा म्हणतात, आमच्या घाटावर कलगी-तुरा, पण हे तेच भांडण शिवाचं नि शक्तीचं, माझ्या लहानपणी जत्रेत ऐकलेलं. शेजारच्या काकींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग तुम्ही कोणाकडच्या?" असं म्हणून त्यांनी मला पिशवीतले भाजलेले काजू दिले. हे सोडलं तर दिवसभर मी कुणाशी फारसं बोलले नाही, आणि बोलायला लागलं नाही ह्याचं सुख मला शब्दात मांडता येत नाही.

सहाच्या आधी गायिका आली, तिशीतली असेल. समुद्रावरच्या दमट हवेनं तबल्याची पुडी, वरचं कातडं, सैल पडते, सूर उतरतो, त्यामुळं तबलजी परत परत बाजूच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी मारत होता आणि लोक चुळबुळ करत होते, मला मात्र ते जुळवणं बघायलाच आवडत होतं. मग मारवा. ह्या रागात पंचम, म्हणजे 'प', नाही, कोमल रिषभ ('रे') आणि शुद्ध धैवत ('ध') धरून गाणारा फिरत राहतो आणि षड्जावर, म्हणजे मूळ 'सा'वर, येऊन टेकायचं लांबवत राहतो, आपण आतून वाट बघतो की आता येईल, आता येईल. सव्वासहाच्या सुमाराला सूर्य पाण्याला लागला. ती धैवतावर उभी होती. घरी हाच राग मी कितीदा लावला असेल, पण त्याची वेळ संध्याकाळचीच का ठरवली ते मला तिथं कळलं, कारण उजेड जातोय आणि अंधार अजून आलेला नाही अशा मधल्या जागेत ती सगळ्या माणसांना धरून बसली होती. शेवटी षड्ज लागला तेव्हा माझ्या डोळ्यातून पाणी आलं आणि ते पुसायची घाई मी केली नाही. कुणी 'काय झालं गं' विचारणारं नव्हतं.

जाणार असाल तर एक सांगते. दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, ते आवाज आपल्याकडं आणतात, मागं सुरूजवळ सावलीत बसलात तरी नीट ऐकू येतं. रात्री वारा पडतो आणि मग जमिनीकडून वाहायला लागतो, शाळेत शिकलेले मतलई वारे, तेव्हा मागच्यांना शब्द कळत नाहीत, पुढं सरका. शाल ठेवा. आणि आयोजकांना कळकळीची विनंती, बायकांसाठी स्वच्छतागृहं वाढवा हो, माझ्या वयाच्या कितीतरी जणी तेवढ्यासाठी पाणी न पिता बसल्या होत्या, आणि काहीजणी तर मारवा सुरू व्हायच्या आत उठून गेल्या.

शेवटचा कार्यक्रम सोडून मी रात्रीच्या गाडीला लागले. पुढच्या वर्षी परत जाणार, गल्लीतल्या दोघी यायचं म्हणतायत. त्यांना मी आत्ताच सांगून ठेवलंय, एसटीत शेजारी-शेजारी बसू, डबा एकत्र खाऊ, पण तिथं पोचलं की तिघींनी तीन ठिकाणी बसायचं.