नावाचा रकाना

मंगळवार, रात्री साडेदहा

आज तिसऱ्या अर्जाचं उत्तर आलं. पाकीट हातात घेतलं तेव्हाच कळलं, आत एकच कागद आहे. 'नोंद आढळून येत नाही.' खाली सही आणि अर्धाच उमटलेला गोल शिक्का.

आजीच्या थोरल्या बहिणीची जन्मनोंद मी शोधतेय. सहा महिन्यांची होऊन ती गेली. आजी तिच्याबद्दल बोलताना नेहमी नाव घ्यायची, म्हणून तिन्ही अर्जांत मी तेच नाव लिहिलं.

पहिला अर्ज परत आला होता तो नात्याचा पुरावा जोडला नाही म्हणून. ती कोणाची मुलगी, हे ज्या कागदावर लिहिलंय तोच कागद मी मागत होते. आणि तो मिळवायला ती आमची कोण हे आधी कागदावर दाखवायचं! खिडकीपलीकडच्या बाईंनी शांतपणे नियम वाचून दाखवला. मी बाहेर येऊन जिन्यावरच बसले.

जिवंत माणसांच्या नोंदी कोणाच्याही हाती लागू नयेत, हे मला मनापासून पटतं. पण त्याला काही मुदत हवी की नको? नेदरलँड्समध्ये जन्माची नोंद 100 वर्षांनी, लग्नाची 75 आणि मृत्यूची 50 वर्षांनी सगळ्यांना खुली होते. इंग्लंडमध्ये तर जुन्या दाखल्याची प्रत मागायला नातं सिद्ध करावं लागत नाही.

अर्थात नोंद शिल्लक असेलच, असंही नाही. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली 1 जुलै 1837 ला, पण जन्म कळवण्याची सक्ती आईबापांवर आली 1875 पासून. त्याआधीची कितीतरी बाळं वहीत चढलीच नाहीत. पॅरिसमध्ये नोंदवह्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत जपून ठेवल्या होत्या. मे 1871 मध्ये दोन्ही इमारतींना आग लागली. 1860 च्या आधीच्या नोंदींपैकी जेमतेम एक-तृतीयांश नंतर पुन्हा तयार करता आल्या. हे वाचल्यापासून त्या शिक्क्याकडे बघून पोटात कालवतं. नोंद केलीच नव्हती, की नष्ट झाली, की वहीत आहे पण भलतीकडे? तिन्हींचं उत्तर त्याच चार शब्दांत येतं.

संध्याकाळी आत्याशी बोलले. ती म्हणाली, "अगं, जन्म कळवायला गेले तेव्हा बाळाचं नाव ठरलेलं तरी होतं का?"

फोन ठेवला आणि आजीच्या स्वतःच्या जन्मनोंदीची प्रत काढली. तारीख आहे, आईचं नाव, वडिलांचं नाव. लिंग: स्त्री. नावाच्या रकान्यात मात्र नुसती आडवी रेघ, आणि आजीचं नाव समासात, बारीक, वेगळ्या हस्ताक्षरात. मागाहून कोणीतरी जाऊन लिहून घेतलेलं. वर्षभर हा कागद माझ्या फाइलीत आहे, आणि ती रेघ मला दिसली नव्हती. थोरलीसाठी मागाहून कोण जाणार होतं? तोवर ती राहिलीच नव्हती.

मग मी तिला नावाने शोधत होते ते चुकलंच.

चौथा अर्ज आत्ताच लिहून झाला. नावाच्या जागी लिहिलंय, 'मुलगी, नाव नोंदवलेले नसावे'. आईवडिलांची नावं दिलीत, अंदाजे सालाच्या मागची-पुढची दोन-दोन वर्षं बघायची विनंती केलीये, आणि आजीच्या नोंदीची प्रत सोबत जोडलीये. त्या रेघेखाली पेन्सिलीने हलकी खूण केलीये, म्हणजे वही चाळणाऱ्याला काय शोधायचं ते कळेल.