गिरणीची पट्टी

परवा दुपारी एका भजनी मंडळाचं देवीचं गाणं मिक्स करत बसलो होतो. नवरात्र जवळ आलं की आमच्या कोल्हापुरात प्रत्येक गल्लीला अंबाबाईवर एक नवीन गाणं सुचतं आणि त्यातली चार-पाच तरी माझ्या दहा बाय बाराच्या स्टुडिओत येतात, तक्रार नाही, वर्षभराचं लाईटबिल त्याच्यावरच निघतं. गाणारे काका आवाजाला खणखणीत, टाळ व्यवस्थित, पण टेकच्या मागं सगळीकडं घूंऽऽ असा एक आवाज पसरलेला. म्हटलं ग्राउंड लूप असेल, म्हणजे अर्थिंगच्या घोळानं येणारी घूं. केबल बदलली, ट्यूब बंद केली, लॅपटॉपचा चार्जर काढला, एसी बंद करून घाम गाळत बसलो, पण घूं काय जाईना. शेवटी डोक्यात प्रकाश पडला की आवाज रेकॉर्डिंगमध्येच आहे, आणि खिडकी उघडली तर मागच्या बोळातली पिठाची गिरणी सुरू. काका गायला आले तेव्हाही सुरूच असणार. माईकनं काकांच्या भक्तीबरोबर बोळातल्या बायकांचं दळणपण टिपलेलं.

मग काय, नेहमीचं काम. ५०, १००, १५०, २०० हर्ट्झ, एकेका ठिकाणी तेवढाच सूर कापणारा बारीक खड्डा पाडत गेलो. आता हे कापायचं जे सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगिन, त्यात एक बटण असतं, जे काढून टाकलंय तेवढंच ऐकवणारं. तपासायला म्हणून ते दाबलं, तर काका गेले, टाळ गेले, देवी गेली, आणि उरली नुसती गिरणी. मी खुर्चीत मागं रेललो आणि ऐकतच बसलो, किती वेळ ते विचारू नका. मधे काकांचा फोन येऊन गेला, तो उचलला नाही.

ज्यांना हा नाद नाही त्यांना हे वेड वाटणार, वाटू दे. आपल्याला संगीत जड लागतं. जड म्हणजे मोठ्यानं नव्हे आणि फास्ट तर अजिबात नव्हे. एक सूर धरला की चिखलातनं बैलगाडी चालल्यासारखं हळूहळू, प्रत्येक ठोक्याला चाक थोडं खाली रुतणारं. इंग्रजीत त्याला डूम म्हणतात, ड्रोन म्हणतात. सन नावाचा एक बँड आहे, मठातल्या साधूंसारखे झगे घालून धुरात उभे राहतात, ड्रमर नाही, गाणं असं काही नाही, एक तार छेडली की ती मरेपर्यंत वाट बघायची. बायकोनं एकदा दहा मिनिटं ऐकलं आणि विचारलं, सुरू कधी होणार?

पण मला हे कुणी शिकवलं नाही. आज्जी दर शनिवारी जोंधळ्याचा डबा डोक्यावर देऊन पाठवायची, गिरणीत नंबर लागलेला असायचा. मी पिठाच्या धुरळ्यात त्या लोखंडी धुडाच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसायचो. आवाज कानातनं यायच्या आधी पाठीतनं यायचा. पट्टा फट् फट् करायचा, गिरणीवाला मामा कुणाशी बोलायचा नाही, सगळं हातवाऱ्यांवर. बोटानं तोंडाकडं खूण केली की भाकरीचं बारीक, मूठ चोळली की भरडा. आणि धान्य ओतलं की मोटरीचा सूर जरासा खाली बसायचा, गळ्यात आवंढा आल्यासारखा, मग सावरायची. मामा पाठमोरा असला तरी त्या बसलेल्या सुरावरनं ओळखायचा की कुणीतरी भसकन सगळा डबा ओतलाय. ट्यूबवाल्या, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हच्या, गिटार अॅम्पवर जोरात तार मारली की सप्लाय क्षणभर दबतो आणि सूर आधी दबून मग फुगून वर येतो. त्याला सॅग म्हणतात, लोक त्याच्यासाठी लाख-लाख रुपये घालवतात. मला तो आठ आण्यांच्या दळणाबरोबर फुकट मिळालेला.

दुसरं शिक्षण टेपरेकॉर्डरवर झालं. सेल उतरायला लागले की कॅसेट हळू फिरायची आणि बाईचा आवाज बाप्याचा, बाप्याचा आवाज राक्षसाचा व्हायचा. बाकीची पोरं हसून लोळायची. मी सेल दातानं चावून पुन्हा घालायचो आणि (हे आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही) मुद्दाम उतरलेले सेल वेगळ्या डबीत ठेवायचो. दुपारी घरात कुणी नसलं की ते घालून भावगीतं ऐकायची. इतकी उदास, इतकी रुंद व्हायची ती गाणी, की पुढं नवीन सेलवर ऐकली की वाटायचं ह्यांना कसली घाई आहे.

म्हणून कॉलेजात असताना राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून पहिल्यांदा ब्लॅक सॅबथ ह्या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम ऐकला तेव्हा मला शोध लागल्यासारखं वाटलं नाही, ओळख पटल्यासारखं वाटलं. सुरुवातीला पाऊस, लांब कुठंतरी घंटा, आणि मग ते तीन सूर. सा, वरचा सा, आणि तिथनं खाली तीव्र मध्यमावर येऊन थांबायचं. ह्या अंतराला तिकडं सैतानाचा सूर म्हणतात. आपल्याकडं तोच तीव्र मध्यम यमनात रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लावतो. सैतान सुरात नसतोय, कुठं थांबता त्याच्यात असतोय. ते लोक तिथं थांबले, बस्स.

तो अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला, शुक्रवार होता, आणि वाजवणारी पोरं बर्मिंगहॅमची. बर्मिंगहॅम म्हणजे तिकडचं उद्यमनगर समजा. लेथ, प्रेस, फाउंड्री, भोंगा. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यामुळं तारा दाबायचा हात नेमका तोच. पठ्ठ्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, बारीक तारा चढवल्या आणि वाजवत राहिला. १९७१ च्या तिसऱ्या अल्बमला तर गिटारच दीड सूर खाली उतरवली, तारा ढिल्या झाल्या की दुखणाऱ्या बोटांना बरं. म्हणजे सगळ्यात खालची तार आली पेटीच्या काळी एकवर. आमच्या भजनी मंडळाच्या काकांची पट्टीपण काळी एकच, हे मला उगाचच फार आवडतं.

हे वाचलं तेव्हा मी जेवणाच्या ताटावर माझ्या वडिलांचा, आण्णांचा हात बघितला होता. आण्णा उद्यमनगरात टर्नर. आधी पॉवर प्रेसवर होते, डाव्या हाताच्या करंगळीचं एक पेर तिथंच राहिलं. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत, फक्त हिशेब करताना बोटांवर मोजायला लागले की नऊला थांबून म्हणतात, आणि ही अर्धी. आमच्या लहानपणी हा घरातला सगळ्यात मोठा विनोद होता.

तर ती गिरणी. ट्यूनर लावून बघितलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे हरएक ट्रान्सफॉर्मर, मोटर, फ्रीज, कोपऱ्यावरची डीपी त्याच्याच पटीत गुणगुणणार. ४९ हर्ट्झ म्हणजे पांढरी पाच. तर आपलं सगळं गाव चोवीस तास पांढरी पाचला लागलंय, अगदी किंचित चढं. आणि सॅबथच्या त्या पहिल्या गाण्याचा साही पांढरी पाचच आहे हो. इंग्लंडमध्येपण वीज ५० हर्ट्झचीच. ह्यातनं काय सिद्ध होतं? काहीच नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही.

लोकांना वाटतं जड आवाज म्हणजे बेसचं बटण पूर्ण फिरवायचं. आमच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीवाल्यांचं तर तेच म्हणणं. (आमच्याकडं स्पीकरच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात, का ते विचारू नये, म्हणतात.) पापाच्या तिकटीला उभं राहिलं की छातीच्या फासळ्या सुट्या होतात, खरंय, पण तो नुसता धक्का आहे, वजन नव्हे. माझ्याकडं दोन-तीन पोरांचे बँड येतात, इचलकरंजीचा एक, इथलाच एक, ते पहिल्यांदा सांगतात दादा गिटार जाड पायजे. मी गुपचूप गिटारचं १०० च्या खालचं सगळं कापून टाकतो. एकटी ऐकली की माशी शिंकल्यासारखी वाटते, पोरांची तोंडं उतरतात. मग बेस गिटार खाली सरकवतो, गिटार दोनदा वाजवून घेऊन एक डावीकडं एक उजवीकडं टाकतो, आणि भिंत उभी राहते. खालचं वजन एकानंच उचलायचं असतं, चौघांनी एकदम हात घातला की कपाट जिन्यात अडकतं.

आणि मजा म्हणजे मोबाईलच्या स्पीकरला ५० हर्ट्झ वाजवताच येत नाही, तरी ऐकू आल्यासारखं वाटतं. वरचे १००, १५०, २०० ऐकून मेंदू खालचा सूर मनानंच भरतो. गिटारचा आवाज फाडणारं डिस्टॉर्शन तेच करतं, एका सुरातनं वरचे ढीगभर सूर काढून दाखवतं. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारीपण दुसरं काय करते? रुंद घोडीवर तार जराशी घासत राहते आणि एका खर्जातनं आख्खी गर्दी वर येते. एकदा मी तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग फझ नावाच्या डिस्टॉर्शनमधनं काढलं, तुमची शप्पथ सांगतो, सनवाल्यांनी झगे काढून नमस्कार केला असता. जिथनं तंबोरा आणला होता त्या गुरुजींना मात्र ऐकवलं नाही. ज्या गावात अल्लादियाखाँसाहेब गायले तिथं इतपत लाज पाहिजे.

आवाज गोळा करायचा नादपण असाच. मागच्या गुऱ्हाळाच्या हंगामात वडणग्याच्या एका ओळखीच्या गुऱ्हाळावर रिकामी काहील उलटी टांगून लाकडी दांडक्यानं वाजवली, गुळव्या म्हणाला, पोरगं बरं हाय न्हवं? पन्हाळ्याला अंबरखान्याच्या गंगा कोठीत फुगा फोडून त्याची घुमी रेकॉर्ड केली, ती आता कुठल्याही आवाजावर चढवता येते. फुगा फुटल्यावर सहलीची आख्खी शाळा दचकली आणि त्यांच्या बाई माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मी दुसरा फुगा खिशातच ठेवला. त्या इचलकरंजीच्या पोरांच्या गाण्यात ड्रमच्या मागं जी काळोखी पोकळी आहे ती गंगा कोठी आहे, आणि नीट ऐकलं तर शेवटी एक पोरगं "आई गं" म्हणतंय. ठेवलंय तसंच.

त्या दुपारी काकांचं गाणं पाठवून दिलं आणि ती काढून टाकलेली गिरणी वेगळी ठेवली. निम्म्या वेगानं वाजवली, एक सप्तक खाली गेली. त्यावर काहील, त्यावर गंगा कोठी. अकरा मिनिटं झाली. रात्री हार्ड डिस्क घेऊन घरी आलो आणि हॉलमधल्या मोठ्या स्पीकरवर लावली. आण्णा पेपर वाचत बसले होते. त्यांना आता टीव्हीवरचं बोलणं नीट कळत नाही, आवाज येतो पण शब्द येत नाहीत म्हणतात. चाळीस वर्षं प्रेस आणि लेथ. असल्या आवाजानं कान जातो तो ४००० हर्ट्झच्या आसपासनं जातो, म्हणजे स, श, फ, ट ही सगळी बारीक अक्षरं आधी. डॉक्टरांनी काढलेला आलेख मला बघताक्षणी कळला, रोज तसलीच रेघ बघतो, फक्त आमच्यात ती परत सरळ करता येते. मशीन मात्र ते अजून ओळखतात. पूर्वी मोठा स्क्रूड्रायव्हर बेअरिंगच्या हाऊसिंगला टेकवायचे आणि मूठ कानाच्या हाडाला, डोळे मिटून. दोन मिनिटांत सांगायचे कुठला छर्रा फुटलाय. आमच्या घरातला पहिला साऊंड इंजिनिअर तो.

पेपर खाली ठेवून ते उठले, स्पीकरजवळ गेले, तळवा टेकवला. बराच वेळ तसेच. मला वाटलं बंद कर म्हणतील.

"आण्णा, येतंय का ऐकू?"

"येतंय की. हे येतंय सगळं."

मग पुन्हा तळवा ठेवून, मान वाकडी करून म्हणाले, "पर बेअरिंग गेलंय रं हेचं."

मी म्हटलं, गिरणीचं आहे. "मग सांग जा तेला, जाम हुयाच्या आधी बदल म्हणावं." आणि तिथंच खाली सतरंजीवर बसले, पाठ स्पीकरला लावून. मीपण शेजारी बसलो. मोठा स्पीकर दोघांच्या पाठींना पुरत नव्हता, सरकून सरकून बसलो. अजून सात मिनिटं शिल्लक होती.

आतनं आई ओरडली, "अरं किती शिट्ट्या झाल्या कुकरच्या?"

मी मोजल्या नव्हत्या.