सिरीज पाहिली, मग कॉमिक कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

आयझेया ब्रॅडली, म्हणजे मार्व्हलच्या गोष्टींतला काळा कॅप्टन अमेरिका, याचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. २०२१ ची मार्व्हलची सिरीज 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' पाहिलीये, त्याची गोष्ट कळलीये, मग ते जुनं कॉमिक वेगळं वाचायची काय गरज? गरज आहे, आणि का ते जरा सविस्तरच सांगते.

'ट्रुथ: रेड, व्हाइट अँड ब्लॅक' मार्व्हलनं २००३ मध्ये सात अंकांत काढलं, लेखन रॉबर्ट मोरालेस, चित्रं काइल बेकर. दुसरं महायुद्ध चालू आहे, साध्या स्टीव्ह रॉजर्सला कॅप्टन अमेरिका हा सुपरहिरो बनवणारं औषध अमेरिकन सैन्याला हवंय, म्हणून आपल्याच ३०० काळ्या सैनिकांना उचलून त्यांच्यावर प्रयोग करतात, त्यांना धड काही सांगत नाहीत, आणि घरी कळवतात की तुमचा माणूस गेला. मोजकेच वाचतात, त्यातला एक आयझेया.

आता हे कुणाला अतिरंजित वाटत असेल तर टस्कीगीबद्दल वाचा. अलाबामात १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्य खात्यानं सिफिलिस झालेल्या शेकडो गरीब काळ्या माणसांना नुसतं तपासत ठेवलं, 'खराब रक्ता'वर इलाज चाललाय असं सांगून, आणि पेनिसिलिन आल्यावरही ते दिलं नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी माफी मागितली ती १९९७ मध्ये. आणि महायुद्धाच्याच काळात रेड क्रॉस सैन्यासाठी रक्त गोळा करायची तेव्हा काळ्या लोकांचं रक्त आधी घ्यायचीच नाही, १९४२ पासून घ्यायला लागली तर ते वेगळं साठवायची. रक्तात टोचलेल्या औषधाची गोष्ट या काळातच का घडवली ते इथे कळतं. सिरीजनं ती उचलून कोरियन युद्धात नेली, सैन्यातला वर्णभेद संपवायच्या राष्ट्राध्यक्ष ट्रुमनच्या १९४८ च्या आदेशानंतरच्या सैन्यात, आणि तिथे मला वाटतं बरंच काही निसटलं.

आयझेयाच्या ढालीचंच बघा ना. तिच्यावर 'डबल व्ही'ची खूण आहे. 'पिट्सबर्ग कुरियर' या काळ्यांच्या वर्तमानपत्रानं १९४२ मध्ये ही मोहीम चालवली होती, एक विजय बाहेरच्या फॅसिझमवर आणि दुसरा घरातल्या वर्णभेदावर. ती ढाल आणि स्टीव्हसाठी शिवलेला पोशाख, न विचारता घातलेला, एवढं घेऊन हा माणूस जर्मनीतल्या छळछावणीत एकटा घुसतो, जिथून जिवंत परत यायची कुणाला अपेक्षाच नाही. तरी तो परत येतो, आणि त्याच्यावर कोर्ट मार्शल होतं, पोशाख चोरल्याबद्दल! जन्मठेप, सतरा वर्षं एकांतकोठडी. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर माफी देतात तीही तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

पण मी कॉमिक वाचा म्हणून मागे लागते ते मुख्यतः यापुढच्या भागासाठी. सिरीजमधला आयझेया बोलतो, चिडतो, हिशेब मागतो, कार्ल लम्बली या नटानं ते केलंयही जबरदस्त. कॉमिकमधला म्हातारा आयझेया मात्र बोलूच शकत नाही. औषधानं आणि त्या कोठडीनं त्याची बुद्धी लहान मुलासारखी करून टाकलीये, त्यामुळे स्टीव्ह सत्य शोधत त्याच्या घरी पोचतो तेव्हा सगळं सांगते ती त्याची बायको फेथ. भिंतीवर फोटो आहेत, माल्कम एक्स, मुहम्मद अली, मंडेला या माणसाला भेटून गेलेत, म्हणजे ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलेलं होतं, कळलं नव्हतं ते फक्त स्टीव्हला. आयझेयाचं आयुष्य तर घेतलंच, वर चिडायची ताकदही काढून घेतली, आणि सिरीजनं नेमकी तीच त्याला परत दिली. बघताना बरं वाटतं, मान्य आहे, पण मग अन्याय मूळचा होता तेवढा मोठा राहत नाही.

चित्रांबद्दल एक. बेकरची शैली कार्टूनची आहे, गोल चेहरे, ताणलेले हावभाव, आणि ती अशा विषयाला शोभत नाही असं बरेच जण म्हणतात. मला नाही पटत. त्याच गोल चेहऱ्यांची शरीरं प्रयोगात फुगायला लागतात तेव्हा जे भयानक वाटतं ते रेखीव सुपरहिरो चित्रांत आलंच नसतं.

२०२२ मध्ये सातही अंक 'कॅप्टन अमेरिका: ट्रुथ' नावानं एकत्र पुन्हा निघालेत. पहिला अंक संथ आहे, १९४० च्या न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड्स फेअर' या जागतिक प्रदर्शनातून माणसं ओळखीची करत जातो, तो गाळू नका.