पेडल सोडलं तरी चाक जामच
आजचा दिवस जुन्या गाडीच्या ब्रेकमागे गेला. गाडी जॅकवर, पेडल मोकळं, तरी पुढचं डावं चाक हाताने फिरेना. आधी होजच्या (चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या लवचीक रबरी नळीच्या) वरचा, मास्टर सिलिंडरकडून (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणाऱ्या पंपाकडून) येणाऱ्या नळीचा नट सैल केला. फरक शून्य. मग चाकाजवळचा ब्लीड निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायची छोटी तोटी, उघडला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच सुटलं! केवढा आनंद झाला! म्हणजे दाब होजमुळेच अडकलेला. जुना रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतो, आतून फुगून बंद होत जातो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण ब्रेक शूच्या (आतून ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीच्या) स्प्रिंगला ते परत ढकलता येत नाही. नुसतं पाहून हे कधीच कळलं नसतं. उद्या दोन्ही बाजूंचे होज बदलून ताजं ब्रेक ऑइल भरणार.