आमची वाटचाल : आवक दारापासून

बाजारात आमच्याविषयी एक वाक्य हमखास ऐकू येतं : "त्यांचं काय, त्यांनी वेळेवर कॉम्प्युटर घेतला." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कॉम्प्युटर सगळ्यांनीच घेतला. आमच्या स्पर्धक पार्टीने तर आमच्या आधी घेतला, आमच्यापेक्षा महागाचा घेतला आणि उद्घाटनाला आम्हाला आवर्जून बोलावलं. आम्ही टिकलो ते आवक दाराच्या, म्हणजे गोदामात माल येतो त्या दाराच्या जोरावर.

आमचा धंदा चिकटद्रव्यं, फटी बुजवायचं सीलंट, टेप आणि बॅटरीचे सेल यांच्या घाऊक वितरणाचा. वसुली माझ्याकडे, गोदाम भागीदाराकडे. ही वाटणी पहिल्या दिवसापासून आहे. सुरुवातीची वर्षं सगळ्यांची जातात तशी गेली.

या मालाची खोड अशी, की तो दिसायला तसाच राहतो, पण मुदत उलटली की दुकानदार तोंडावर फेकतो. आधी आलेला आधी काढा, हा नियम इथे पुरत नाही. कंपनीच्या डेपोतून आज आलेल्या खोक्याची मुदत मागच्या महिन्यात आलेल्या खोक्याच्या आधी संपते, हे या लाइनमधल्या कुणालाही सांगायला नको. म्हणजे ज्याची मुदत आधी, तो आधी बाहेर. आणि चिकटद्रव्याच्या नळीवरचा नेहमीचा १३ आकडी बारकोड वस्तू कोणती एवढंच सांगतो, बॅच आणि मुदत त्यात नसते. भागीदाराने म्हणून आवक दाराशीच लेबल प्रिंटर मांडला. प्रत्येक खोक्यावर जीएस१-१२८ पद्धतीचं बारकोड लेबल (जीएस१ म्हणजे बारकोडचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था). त्यात पुढे काय येतंय ते सांगणारे खुणेचे आकडे असतात : ०१ च्या पुढे वस्तूचा १४ आकडी क्रमांक, १७ च्या पुढे वर्ष-महिना-दिवस अशी सहा आकडी मुदत, आणि १० च्या पुढे बॅच. बॅच मुद्दाम शेवटी, कारण तिचीच लांबी कमी-जास्त होते. लेबल लागल्याशिवाय खोकं रॅकवर चढणार नाही म्हणजे नाही. हमाल कुरकुरले, ट्रकवाले खोळंबले, भागीदार दारातून हलला नाही.

प्रिंटर रिबनचाच घ्यावा, हे जाता जाता सांगून ठेवतो. बिनरिबनचं लेबल उष्णतेनेच छापलं जातं, आणि तापलेल्या पत्र्याखाली उष्णतेनेच काळवंडतं. उजेडात ठेवलं तर पुसट होतं. रिबनचा खर्च बघून जे मागे हटतात, त्यांचीच लेबलं पुढे स्कॅनर वाचत नाही.

आता ती गोष्ट. ज्यांच्याकडून कॉम्प्युटरचं पॅकेज, म्हणजे धंद्याचं सॉफ्टवेअर, घेतलं होतं त्यांचं नाव घेत नाही. साठा, ऑर्डरी, उधारी, सगळं त्यांच्या सर्व्हरवर. बॅकअप मागितला की "आमच्याकडे सुरक्षित आहे" हे ठरलेलं उत्तर. एका सोमवारी लॉगिनच होईना. फोन लागेना. दुपारी त्यांचाच एक जुना कारागीर भेटला, तेव्हा कळलं की त्यांनी गाशा गुंडाळला आहे. गोदाम मालाने भरलेलं, दाराशी दोन टेम्पो उभे, आणि कुठल्या फळीवर काय आहे, कुणाकडे किती येणं आहे, काही सांगता येईना.

स्पर्धकाने ती संधी साधली. संध्याकाळपर्यंत "ते बसले" ही बातमी प्रत्येक काउंटरवर पोचली होती. पोचवणारा आमच्याकडून फोडलेला सेल्समन, म्हणजे त्याला आमची दुकानांची लाइनही पाठ. आठवडा उलटायच्या आत एका कंपनीच्या माणसाने आमची एजन्सी काढून त्यांना दिली. कारण आजतागायत लेखी मिळालेलं नाही.

भागीदार मात्र स्कॅनर घेऊन रॅकमध्ये शिरला. स्कॅनर हा कॉम्प्युटरच्या लेखी कीबोर्डच असतो. वाचलेलं तो टाइप करतो. साधं स्प्रेडशीट उघडलं आणि खोक्यामागून खोकं वाचत गेलो. एक खोकं, एक ओळ. पहिली चोवीस अक्षरं म्हणजे वस्तू आणि मुदत, पुढच्या १० नंतर बॅच. (रकाना आधी टेक्स्ट करून घ्यावा, नाहीतर लांब आकड्याची शेपटी शून्यं होऊन बसते.) रात्री साठा हातात होता, बॅचनिशी आणि मुदतीनिशी. सर्व्हर गेला तरी खोक्यावरचं लेबल कुठे जाणार होतं?

उधारीचं तसं नव्हतं. तिला लेबल नसतं. काही दुकानदार थेट म्हणाले, "तुमच्याकडे नोंद असेल तर दाखवा." अशा वेळी आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक, ज्यांना आम्ही दोघंही काका म्हणतो, स्वतः गोदामात आले. कापडी पिशवीतून बिलांचा गठ्ठा काढला, तारखेवार लावलेला, प्रत्येक बिलावर भरलेल्या हप्त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा. म्हणाले, "हे माझ्याकडून येणं. जुळवून घ्या, मग चेक लिहितो." आमच्या अंदाजापेक्षा आकडा जास्त होता. तो त्यांनी भरलाच, वर आपल्या गल्लीतल्या चौघांना बिलं घेऊन पाठवलं. त्या चेकवर पगार झाले. काकांना आजही ऑर्डर चिठ्ठीवरच लिहायला आवडते. आमची मुलगी ती चिठ्ठी ऑर्डरच्या ॲपमध्ये भरते, आणि याला कुणी मागासपणा म्हटलेलं मी खपवून घेत नाही.

त्यानंतर नवं पॅकेज घेतलं, अट एकच : रोज रात्री सगळा डेटा आमच्या मशीनवर, कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडेल अशा फाइलीत. नव्या पोरांनाही हेच सांगतो. डेमोला रंगीत आलेख बघत बसू नका, "माझा डेटा मला काढून दाखवा" म्हणा. तिथे जो चाचरतो त्याला चहा पाजून परत पाठवा.

पुनर्मागणीचंही बोलतो. रोज ४० नळ्या जात असतील, माल यायला ६ दिवस लागत असतील आणि हाताशी ८० जादा ठेवायच्या असतील, तर ३२० वर साठा आला की ऑर्डर सुटली पाहिजे. हे गणित कुठलंही पॅकेज करतं. पण ते ६ दिवस कुठून आले? कंपनीच्या पत्रकातून घेतलेत तर फसलात. आम्ही ऑर्डरची तारीख आणि आवक दारावरच्या पहिल्या स्कॅनची तारीख यांतलं अंतर घेतो, दर कंपनीचं वेगळं.

आणि महिनाअखेरीच्या स्कीमला भुलून भरलेल्या मालाला खप समजू नका. दुकानदार थोडं जास्त मागतो, आपण त्याहून जास्त, कंपनी त्याहूनही जास्त बनवते. १९६१ मध्ये जे फॉरेस्टर या अमेरिकन प्राध्यापकाने मागणीचं हे फुगत जाणं मांडलं. पुढे त्याला बुलव्हिप, म्हणजे चाबूक, हे नाव पडलं. आम्ही दुकानातून प्रत्यक्ष काय विकलं गेलं ते ॲपवर मागवतो. सगळे देत नाहीत, पण जे देतात त्यांच्याकडून मुदत संपून परत येणारा माल जवळपास थांबला. ज्या कंपनीने एजन्सी काढली, तिचाच माणूस हे सगळं बघून, फोटो काढून गेला, इतर वितरकांना दाखवायला. एजन्सीबद्दल चकार शब्द नाही.

सध्या स्कॅनर बदलणं चाललं आहे. २६ जून १९७४ ला अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय इथे च्युइंगगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा काउंटरवर वाचला गेला, तेव्हापासून उभ्या रेघांचंच राज्य आहे. आता २०२७ अखेर काउंटरवर क्यूआरसारखे चौकटीचे द्विमितीय कोडही वाचता यावेत, असं जीएस१ ने ठरवलं आहे. म्हणजे बॅच आणि मुदत एकेका नळीवरच येऊ शकेल. जुन्या लेझर गनला ते कोड वाचता येत नाहीत, कॅमेऱ्याची गन लागते. भागीदाराने चार मॉडेलं दारात आणून, धुळीने माखलेल्या आणि चुरगळलेल्या लेबलांवर चालवून बघितली आणि एक पक्कं केलं. परवा स्पर्धकाचा मॅनेजर सहज म्हणून विचारत होता, कोणतं घेतलंत. मी म्हटलं, अजून बघतोय.