शिफ्ट-१ वरचा ॲ: सिस्टिम फाईल बदलली, परवानगी जिथल्या तिथं

आधी निकाल सांगतो. शिफ्ट धरून १ दाबलं की माझ्या लॅपटॉपवर आता ऍ येत नाही, ॲ येतो. फाईलचा मालक अजूनही रूटच (लिनक्सचा सर्वाधिकारी वापरकर्ता) आहे आणि परवानगी ६४४ (मालकानं लिहायचं, बाकीच्यांनी फक्त वाचायचं) होती ती ६४४च आहे. मागच्या नोंदीत कीबोर्डची फाईल सापडली एवढ्यावर थांबलो होतो, तिथून पुढं.

हा उद्योग कशासाठी, तर उद्यमनगरातल्या एका फौंड्रीवाल्या मित्राची कोटेशनं मी टाईप करून देतो आणि त्यात दर दोन ओळींना 'ॲल्युमिनियम' असतं. मशीनवर लिनक्स मिंटची जुनी आवृत्ती, टायपिंग इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांचा सरकारी प्रमाण कीबोर्ड आराखडा. हा आराखडा ठरला ऐंशीच्या दशकात आणि मराठी वळणाच्या ॲ ला युनिकोडात (अक्षरांना क्रमांक देणारं जागतिक मानक) स्वतःची जागा मिळाली २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्यामुळं बटणावर हिंदी वळणाचा ऍ बसलाय. आपल्यातले बरेच जण शिफ्ट-डी दाबून अ काढतात, वर शिफ्ट-२ ने चंद्र चढवतात आणि पुढं जातात. छापून आल्यावर फरक कळत नाही, पण ती दोन अक्षरं झाली. ॲ टाईप करून शोधलं की जुन्या कोटेशनमधलं एकही सापडत नाही. मला ते चालणार नव्हतं. नव्या आवृत्त्यांत मराठीसाठी सुधारित इनस्क्रिप्ट वेगळं मिळतं, पण या मशीनवर नवी आवृत्ती चढवली तर चहा होईपर्यंत ब्राउझर उघडत नाही.

फाईल आहे यूएसआर, शेअर, एक्स११, एक्सकेबी, सिम्बॉल्स या वाटेनं आत, नाव 'आयएन'. आत एई०१ नावाची ओळ. एई म्हणजे आकड्यांची रांग, ०१ म्हणजे त्यातलं पहिलं बटण. त्या ओळीत ०९०डी (ऍ चा युनिकोड क्रमांक) आहे तिथं ०९७२ (ॲ चा) करायचं, बस्स. चार अक्षरांचं काम, पण सेव्ह करायला गेलं की परवानगी नाही.

इथं आमच्या मित्रमंडळींचा ठरलेला सल्ला येतो. "भावा, ७७७ मार की! विषय कट!"

७७७ म्हणजे कुणालाही वाचायची, लिहायची, चालवायची मुभा. विषय कट होतो, पण उलट्या बाजूनं. लक्ष्मीपुरीतल्या एका डीटीपीच्या दुकानात हेच झालेलं बघून आलोय. तिथं कुणीतरी एक ओळ बदलायला सेटिंगच्या फाईली असतात त्या अख्ख्या इटीसी फोल्डरवर कॅपिटल आर लावून (म्हणजे आतल्या सगळ्यासकट) परवानगी बदलणारं सीएचमॉड ७७७ चालवलं होतं. त्यानंतर रूटच्या अधिकारानं कमांड चालवणारं सुडो चालायचंच बंद झालं, कारण ते कुणी वापरायचं हे ठरवणारी सुडोअर्सची फाईल कुणालाही लिहिता येते असं दिसलं की सुडो काम करायला साफ नकार देतं. आणि परवानगी दुरुस्त करायची तर सुडो पाहिजे. किल्ली हाताशी नाही म्हणून दरवाजाच बिजागरीसकट उपटून ठेवण्यातला प्रकार. तिथं रूटचा अधिकार देणाऱ्या दुसऱ्या कमांडनं, पीकेएक्झेकनं, वाचवलं. ते पासवर्ड वेगळ्या वाटेनं विचारतं, सुडोअर्स बघत नाही. त्यानं सुडोअर्स आणि सुडोअर्स डॉट डी मधल्या फाईली ४४० केल्या, पासवर्डची शॅडो फाईल ६४० केली, दुरून लॉगिन करायच्या एसएसएचच्या खासगी किल्ल्या ६०० केल्या. उरलेल्या ढिगाऱ्यासाठी त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या मशीनवर गेटएफएसीएल चालवून सगळ्या इटीसीच्या परवानग्यांची यादी काढली आणि इकडं सेटएफएसीएलला रिस्टोअर लावून ओतली. यादीत सुरुवातीची तिरकी रेघ गळालेली असते, म्हणून हे मुळाच्या फोल्डरमध्ये उभं राहूनच करावं लागतं. ही यादी सगळं ठीक असतानाच काढून ठेवा, एका ओळीचं काम आहे.

बरं, आणखी एक. फाईल लिहिण्याजोगी केली तरी काम होईलच असं नाही. फाईलमधला मजकूर बदलणारा सेड मायनस आय मूळ फाईलला हात लावत नाही, शेजारी नवी फाईल बनवून तिला जुनीचं नाव देतो, आणि त्यासाठी परवानगी लागते फोल्डरची. उलटंही खरं: फोल्डर तुमचं असेल तर आतली रूटची फाईलसुद्धा तुम्ही खुशाल उडवू शकता. नवी पोरं फाईलचे आकडे पाठ करतात आणि फोल्डरकडं बघतच नाहीत.

मी वापरलं सुडोएडिट. ते फाईलची तात्पुरती प्रत तुमच्या नावावर काढतं, तुमच्याच एडिटरमध्ये उघडतं, आणि तुम्ही सेव्ह करून बाहेर पडलात की मजकूर मूळ फाईलमध्ये परत घालतं. काही बदललंच नसेल तर मूळ फाईलला शिवतही नाही. मालक तोच, आकडे तेच, आणि एडिटर रूट म्हणून चालत नाही, म्हणजे विम या एडिटरमधले प्लगइनही रूट म्हणून चालत नाहीत. सुडो नॅनो करणाऱ्यांनी (म्हणजे नॅनो एडिटर रूट म्हणून उघडणाऱ्यांनी) एकदा वापरून बघा. सुडोअर्सला मात्र व्हीसुडोच, कारण ते व्याकरण तपासल्याशिवाय सेव्ह करू देत नाही.

पण नुसतं एडिट करून भागत नाही, हे या खेपेचं खरं काम होतं. इटीसीतली कॉन्फिगरेशनची फाईल तुम्ही बदलली असेल तर अपडेटच्या वेळी पॅकेजं बसवणारं डीपीकेजी विचारतं, तुमची ठेवू का नवी घेऊ. यूएसआरमधल्या फाईलला असली विचारपूस नाही. पॅकेज आलं की वरून नवी फाईल बसली, ॲ गेला. काही जण यावर चॅटर प्लस आय लावून फाईल गोठवतात. त्यानं अपडेट मध्येच अडकतं, कारण डीपीकेजीलाही ती बदलता येत नाही आणि पॅकेज अर्धवट पडतं. मला तो उपाय अजिबात पसंत नाही.

त्यापेक्षा डीपीकेजी-डायव्हर्ट. त्याला सांगायचं की या पॅकेजची ही फाईल इथून पुढं डिस्ट्रिब शेपटी लावून बाजूला ठेवत जा. सोबत रीनेम दिलं की आत्ताची फाईलही तिकडं सरकते. मग तिचीच प्रत जुन्या नावानं परत ठेवली, सुडोएडिटनं उघडली, ओळ बदलली. मधल्या वेळात जागा रिकामी असते, तेव्हा लॉगआउट करू नका.

तपासायला सेटएक्सकेबीमॅप, म्हणजे कीबोर्डचा आराखडा लोड करणारी कमांड. एखादा स्वल्पविराम गळाला तर ते कीबोर्डचं वर्णन लोड होत नाही म्हणून सांगतं आणि आधीचा कीबोर्ड चालू राहतो. इंग्रजी आणि मराठी एकत्र लावलं असेल तर एका चुकीनं दोन्ही अडतात, म्हणून एक टर्मिनल उघडं ठेवूनच हे करायचं. माझं लोड झालं. 'ॲल्युमिनियम' टाईप केलं, मग 'दुसऱ्या' टाईप केलं, कारण शिफ्ट-जे वरचा ऱ हलला तर दुसरंच दुखणं. तो जागेवर आहे.

वेलँडवर (स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणारी, एक्स११ नंतरची नवी यंत्रणा) असाल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही. तिथं होम फोल्डरच्या डॉट कॉन्फिगमध्ये एक्सकेबी नावाचं फोल्डर करून आपला आराखडा ठेवता येतो, रूट लागतच नाही. माझं मिंट एक्स११ वर आहे, त्यामुळं मला हा मार्ग बंद.

राहिलंय ते असं: डायव्हर्ट केल्यामुळं पॅकेजमधल्या पुढच्या सुधारणाही माझ्या फाईलमध्ये येणार नाहीत. अपडेट आलं की डिस्ट्रिबवाली आणि माझी फाईल फरक दाखवणाऱ्या डिफला लावून बघायची. हे आपोआप व्हावं म्हणून ॲप्टला (अपडेट आणणारं साधन) हूक, म्हणजे अपडेटनंतर आपोआप चालणारी ओळ, लावायचा विचार आहे. कुणी लावला असेल तर आकडे आणि ओळ दोन्ही टाका.